उलटे वेढे

"उद्या पेटंटच्या वकीलबाई येणार आहेत, फिमा. त्यांना सगळं सांग," ओदेद म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून पुढे निघून गेला.

फिमाच्या हातातल्या सोल्डरिंग गनच्या टोकावर कथलाचा थेंब लोंबत होता. तो टेबलावर पडला, चपटा झाला आणि क्षणात थिजला. फिमा त्याच्याकडे बघत राहिला. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघराची कपाटं बनवणाऱ्यांची करवत चालू होती, तिच्या आवाजाने टेबलावरचे स्क्रू बारीक थरथरत होते. ओदेद तिकडे फोनवर कुणाशी तरी हसत बोलायलाही लागला होता. सगळं. शब्द साधा होता, ओदेदने तो जाता जाता टाकला होता. पण फिमाच्या मानेमागे, केसांच्या मुळाशी, काहीतरी गार झालं. हा शब्द त्याला पूर्वी एकदा असाच, अगदी गोडीत ऐकवण्यात आला होता. लेनिनग्राडमध्ये, उंच खिडक्यांच्या एका खोलीत, एका सरकारी माणसाने स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी चहा ओतला होता. चहात लिंबाची चकती होती. "येफिम बोरिसोविच, आपण शहाणे आहात, शिकलेले आहात. आपण सगळं सांगावं, म्हणजे आम्हालाही त्रास नाही आणि आपल्यालाही नाही." त्या माणसाने पूर्ण वेळ त्याला आपण-आपण केलं होतं. तिथे झाडूवाली बाईसुद्धा त्याला बापाच्या नावासकट हाक मारायची. इथे चौतिशीचा मालक ओदेद छप्पन्न वर्षांच्या माणसाला फिमा म्हणतो, खांद्यावर थाप मारतो, त्याच्या ताटलीतली काकडी उचलून खातो. या देशात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, हे त्याला पाच वर्षांत कळलं होतं, अंगवळणी पडलं नव्हतं. आपण म्हणणाऱ्याचा हेतू निदान ओळखता यायचा. अरे म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे हे कसं ओळखायचं?

पेताह तिकवाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत ते जी डबी बनवत होते ती दिसायला काहीच नव्हती. चपटी, राखाडी, पुढे एक हिरवा दिवा. घराच्या भिंतीतून आलेली टेलिफोनची तार तिच्यात खोचायची, दुसरीकडे कॉम्प्युटर. मग त्याच जुन्या तांब्याच्या तारेवरून, फोनवरचं बोलणं न तोडता, चित्रं, हिशेब, पुस्तकंच्या पुस्तकं धावायची. नवी तार टाकायला नको, रस्ता खणायला नको. अमेरिकेत, युरोपात, इथे, जो तो त्या वर्षी हेच करू पाहत होता. अडचण एकच होती आणि ती फिमाला तरुणपणापासून ठाऊक होती. तार एकच असते. तिच्यावरून आपण बोलतो आणि पलीकडचाही तिच्यावरूनच बोलतो. पलीकडचा आवाज मैलभर तांबं तुडवून येईपर्यंत कुजबुजीएवढा उरतो आणि आपलं स्वतःचं ओरडणं आपल्याच कानात घुमत असतं. स्वतःचा आवाज वजा करता आला तर कुजबुज ऐकू येते. वजाबाकी करणारं सर्किट सगळ्यांकडेच होतं. पण तारा कुठे लांब, कुठे आखूड, कुठे पन्नास वर्षांपूर्वी कुणी वेड्यावाकड्या जोडलेल्या असायच्या, आणि वजाबाकी चुकायची. फिमाने ती सर्किटमध्ये न करता कॉइलमध्ये केली होती. तारेच्या तोंडाशी बसणारी सुपारीएवढी कॉइल. तिच्या वेढ्यांचे तीन थर. मधला थर त्याने उलटा भरला होता, आणि उलटा भरताना मध्यावर एक वेढ्याची जागा मोकळी सोडली होती. बस, एवढंच. एवढ्यासाठी त्याच्या आयुष्याची वीस वर्षं गेली होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती कॉइल इतर कुठल्याही कॉइलसारखीच दिसत होती. लाखेचा हात फिरला की थर कुठला सुलटा, कुठला उलटा, देवालाही कळलं नसतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्याने जाताना त्याला कुझिनची आठवण आली. कुझिन त्यांच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. जाड, गुलाबी, आईवेडा माणूस. आईचं नाव निघालं की डोळे पुसायचा. फिमाने तिथे एक गाळणी शोधली होती, जमिनीखालच्या केबलमधली खरखर काढणारी. त्याचं सरकारी प्रमाणपत्र निघालं तेव्हा त्यावर पाच नावं होती. पहिलं कुझिनचं, दुसरं पक्षाच्या सेक्रेटरीचं, तिसरं-चौथं कुणाचं ते फिमाला आजही माहीत नाही, आणि शेवटी त्याचं. "यादीत आहेस ना?" कुझिन म्हणाला होता आणि त्याने हात खांद्यावर ठेवला होता. पुढे फिमाने देश सोडण्याचा अर्ज केला तेव्हा ते पाचवं नावही गेलं. कुझिन भेटला तर जिन्यावर बाजू बदलायचा. खांदा हाच होता का, उजवा? फिमाने बसच्या दांडीवरचा हात खाली घेतला.

घरी बायको, रिम्मा, बेकरीतून आली होती. तिकडे ती भूगोल शिकवायची, इथे गल्ल्यामागे उभी राहून पाव कापायची, आणि याचं दुःख तिने कधी केलं नव्हतं; निदान मोठ्याने नाही. फिमाने वकीलबाईंचं सांगितलं.

"मग? सांग की," ती मुळा किसत म्हणाली.

"सगळं सांग म्हणाला."

"अर्धं सांगून पेटंट देतात का कुठे?"

"तुला कळत नाही. एकदा त्यांच्या हातात गेलं की माझी गरज काय? छप्पन्न वर्षांचा म्हातारा, हिब्रू अडखळत बोलतो, टेबल अडवून बसतो."

"त्याने तुला कामावर घेतलं तेव्हा तू रस्ते झाडत होतास, फिमा."

"म्हणूनच. रस्त्यावरून उचललेल्याला परत रस्त्यावर ठेवायला किती वेळ लागतो?"

रिम्माने किसणी खाली ठेवली. "तुला तर आमच्या बेकरीत पाव घ्यायला येणारा आजोबाही हेर वाटतो. तिकडे असताना आपण फोनच्या डायलमध्ये पेन्सिल खोचून मग बोलायचो, आठवतं? डायल अडकवली की ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही म्हणे. आता या फोनला बटणं आहेत. पेन्सिल कुठे खोचू सांग, खोचते."

तो हसला नाही. पेन्सिल खोचल्याने काही होत नाही हे टेलिफोनच्या माणसाला, म्हणजे त्याला, तेव्हाही ठाऊक होतं. तरी तो ती खोचायचा. कारण न खोचता बोलताना स्वतःचाच आवाज त्याला परका वाटायचा. जणू बोलण्याआधीच कुणीतरी तो ऐकून ठेवला आहे.

वकीलबाईंचं नाव तिर्झा. बारीक केस, पायात चपला, हातात भरलेली पिटा रोटी, तिच्यातली चटणी मनगटावर ओघळलेली. ती चाटून तिने कागद पुढे ओढले. "हे बघ, असं समज की मी बाजारातून तार आणून घरी बसून ही कॉइल भरणार आहे. मला काय काय माहीत पाहिजे?" प्रश्न चांगला होता. इतका चांगला की फिमाला तिचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्याबरोबर तो सावध झाला. त्याने गाभा सांगितला, तारेची जाडी सांगितली, थर सांगितले, थरांमधला कागद सांगितला. बोलता बोलता मधल्या थराशी आला. ओदेद दारात टेकून उभा होता, सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि टरफलं मुठीत जमवत होता. तो ऐकत होता का? टरफलं जमवणारा माणूस सगळं जपून करतो.

"मधला थर?" तिर्झाने विचारलं.

"तसाच," फिमा म्हणाला. "पहिल्यासारखाच. सलग."

"आणखी काही आहे यात? नंतर आठवलं तर पंचाईत होते म्हणून विचारते."

"नाही. एवढंच."

केवढं सोपं होतं ते. लिंबाच्या चहासमोर त्याने हेच करायला हवं होतं असं त्याला वाटलं. तिथे तर तो रडला होता. तिर्झाने आकृती काढणाऱ्याकडे कागद पाठवले. आकृती छापून आली ती सुबक होती आणि चूक होती, आणि ती चूक जगात त्याला एकट्याला दिसत होती. त्या आठवड्यात त्याला गाढ झोप लागली.

अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीची माणसं आली तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात तारेचं मोठं रीळ ठेवलं होतं, गावाबाहेरच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेल एवढी लांब तार त्यावर गुंडाळलेली. दोन टोकांना दोन डब्या. दोन्हीत फिमाने स्वतः भरलेल्या कॉइली. दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला आणि मग हिरवागार स्थिर झाला. त्या लोकांनी तारेत मुद्दाम खरखर सोडली. दिवा हलला नाही. गोऱ्या, उंच, घामाघूम झालेल्या एकाने स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटून डबीवर हात ठेवला, जसा घोड्यावर ठेवतात. ते गेल्यावर ओदेदने फिमाचं डोकं दोन्ही हातांत धरून टक्कलावर मुका घेतला. सगळे टाळ्या वाजवत होते. फिमाही हसत होता, आणि मुक्याची ओल टक्कलावर वाळेपर्यंत विचार करत होता, की हा मुका माझा की कॉइलचा.

ऑर्डर आली. शेकड्यांनी डब्या हव्या होत्या. फिमाच्या दोन हातांनी ते शक्य नव्हतं, म्हणून कॉइल भरायचं काम होलोन गावच्या मेनाशेकडे गेलं. मेनाशेचं वायंडिंगचं दुकान जुनं होतं; पंख्यांच्या मोटारी, रेडिओंच्या कॉइली, सैन्याचंही काही काम. त्याला तिर्झाच्या कागदांतली तीच सुबक आकृती देण्यात आली. या गोष्टीचा फिमाने विचार केला नव्हता असं म्हणता येणार नाही. केला होता. आपल्याकडे येतील, विचारतील, मग आपण अटी घालून सांगू, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. कसल्या अटी, ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

मेनाशेचा पहिला माल डब्यांत बसवला आणि दिवा लुकलुकत राहिला. आखूड तारेवर लागायचा, लांब तारेवर विझायचा. ओदेदने एक बदलली, दुसरी बदलली, मूठभर बदलल्या. मग त्याने फोन उचलला. "मेनाशे, तू काय भरलंयस हे? तार कसली वापरलीस? नाही, तू मला सांग. आकृतीप्रमाणे? आकृतीप्रमाणे असतं तर दिवा लागला असता!" फोन आपटून तो फिमाकडे वळला. "तुला काय वाटतं?"

त्याच्या डोळ्यांत काय होतं? फिमाने तो क्षण नंतर कितीतरी वेळा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. ओदेदचे डोळे लाल होते, झोप नसलेले. त्यात राग होता, थकवा होता. आणखी काही होतं का? तो विचारत होता, की विचारून बघत होता?

"तार तपासायला हवी," फिमा म्हणाला.

त्यानंतरचे दिवस त्याने चोरपावलांनी काढले. कुणी खोलीत येता येता गप्प झालं की त्याला वाटे, आपल्याबद्दलच चाललं होतं. कुणी गप्प नाही झालं तर वाटे, ठरवून बोलत राहिलेत. मेनाशेने तार बदलली, पुन्हा माल पाठवला, पुन्हा दिवा विझला. ओदेद आता ओरडत नव्हता. तो येऊन फिमाच्या टेबलाच्या कडेवर बसायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, सैन्यात असताना रेडिओ पाठीवर घेऊन टेकडी चढल्याच्या गोष्टी सांगायचा, आणि मधेच थांबायचा. थांबून बघत राहायचा. लेनिनग्राडचा तो चहा ओतणाराही असाच थांबायचा. शांतता माणसाला बोलायला लावते हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फिमा त्या शांततेत बॉबिनवरून, वेढे भरायच्या रिकाम्या रिळावरून, बोट फिरवत बसायचा. घरी रिम्मा विचारायची, तब्येत बरी आहे ना. तो म्हणायचा, उकाडा.

मग तिर्झाकडून पेटंटच्या अर्जाची शेवटची प्रत सहीसाठी आली. शोध लावणाऱ्याचं नाव लिहिण्याच्या जागी एकच नाव होतं, त्याचं. येफिम झास्लावस्की. वर काही नाही, खाली काही नाही. ओदेद नाही, कंपनीला पैसा देणारा नाही, ओदेदचा मेहुणाही नाही. फिमाने पान उलटलं, नावं पुढच्या पानावर गेली असतील म्हणून. पुढचं पान आकृतीचं होतं. तो परत पहिल्या पानावर आला. नावाचं स्पेलिंग बरोबर होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. छातीत काहीतरी सैल झालंही, वीस वर्षं आवळलेलं काहीतरी. पण दुसऱ्याच श्वासाला ते पुन्हा आवळलं गेलं. एकट्याचंच नाव का? ज्या कागदावर खोटं आहे त्यावर एकट्याचं नाव असणं किती सोयीचं. उद्या कुणी विचारलं, तर सही कुणाची? त्याने तिर्झाला फोन लावला.

"ओदेदचं नाव यात कसं नाही?"

"मी विचारलं होतं त्याला," पलीकडे ती काहीतरी चावत होती. "म्हणाला, त्यात माझ्या डोक्यातलं काय आहे? माझं नाव घालून काय करू? का रे? काही राहिलंय का सांगायचं?"

"नाही," फिमा म्हणाला, आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून बसला. तिने फोन ठेवल्यावरही. पलीकडच्या खोलीत ओदेद कुणाला तरी सांगत होता, "मेनाशे म्हणतो, दोष त्याच्या बाईचा. त्याच्याकडे वर्षानुवर्षं भरणारी आहे ना, जॉर्जेट, तिला म्हणे आता दिसत नाही नीट. वेढे चुकतात. घरी पाठवलं तिला." दुसरा म्हणाला, "अरेरे." मग ओदेदची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

फिमा उठला. खिशात एक कोरी बॉबिन टाकली, तारेचं छोटं रीळ घेतलं आणि कुणाला न सांगता बाहेर पडला. ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर बुटाला चिकटत होतं. होलोनच्या बसमध्ये त्याने स्वतःला सांगितलं, बघून येऊ नुसतं. खरंच दिसत नसेल त्या बाईला. असू शकतं. वय झालं की दिसत नाही. पण हे सांगताना तो स्वतःवर तेवढाच विश्वास ठेवत होता जेवढा त्याने आयुष्यात कुणावरही ठेवला होता, म्हणजे अजिबात नाही.

मेनाशेच्या दुकानात लाखेचा वास होता. चार यंत्रं, तिघी बाया, आणि खिडकीपाशी चौथं यंत्र झाकलेलं. त्याच्यापुढच्या खुर्चीवर क्रोशाची उशी होती. मेनाशे साठीचा, काळासावळा, बोटांना वर्षानुवर्षांची लाख. फिमा कोण हे कळल्यावर तो एकदम बोलत सुटला. "तूच का तो! बरं झालं आलास. तूच बघ बाबा. मी तार बदलली, कागद बदलला. वेढे मी स्वतः मोजले. मग मला वाटलं, जॉर्जेटचं काहीतरी चुकतंय. ती म्हणाली नाही चुकत. मी म्हटलं चुकतंय. भांडलो आम्ही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या बायकोच्या बाळंतपणाला होती ती. तिला म्हटलं, डोळे दाखव जा. रडली नाही. पिशवी उचलली नि गेली." त्याने झाकलेल्या यंत्राकडे पाहिलं. "उशी विसरून गेली."

फिमा त्या खुर्चीत बसला नाही. त्याने शेजारचं यंत्र मागितलं, बॉबिन चढवली आणि पहिला थर भरला. कागद घातला. मग यंत्राचा दांडा उलटा फिरवला. मध्यावर थांबून एक वेढ्याची जागा सोडली, पुढे गेला. मेनाशे वाकून बघत होता. त्याचा श्वास फिमाच्या कानाशी लागत होता. तिसरा थर पुरा होईपर्यंत दुकानातली बाकीची यंत्रं थांबली होती.

"हे आकृतीत नाही," मेनाशे म्हणाला.

"नाही."

"का नाही?"

फिमाने तोंड उघडलं. कुझिन, पाच नावं, लिंबाची चकती, यातलं काहीही या दुकानात हिब्रूत सांगता येण्यासारखं नव्हतं. "मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

मेनाशेने ओदेदला फोन केला. ओदेद आला तो गाडी रस्त्यातच सोडून. त्याने कॉइल उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. फिमा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, आश्चर्याची वाट बघत होता. आश्चर्य आलं नाही.

"तुला माहीत होतं," फिमा म्हणाला.

ओदेद खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "पहिला माल फसला तेव्हा तुझी एक कॉइल उकलली मी. मधला थर बघितला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? म्हणालो असतो, फिमा, तुझं गुपित मी उकललं, तर तू काय म्हणाला असतास? चोरलं म्हणाला असतास. मला वाटलं तू ते दुसऱ्या कुणाला विकायला ठेवलंयस. मग वाटलं, नाही, सांगशील. रोज तुझ्या टेबलावर येऊन बसत होतो. आज सांगेल, आज सांगेल."

म्हणजे आपण बरोबर होतो. फिमाला हे कळलं आणि क्षणभर त्याला विलक्षण सुख झालं. त्या शांतता खरंच पेरलेल्या होत्या, ते डोळे खरंच बघत होते. आपल्या कानांनी दगा दिला नव्हता. ते सुख किती घाणेरडं आहे हे त्याला कळायला मेनाशेच्या आवाजाची गरज पडली.

"थांबा, थांबा," मेनाशे म्हणत होता, अगदी हळू. "याला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. आणि मी तिला आंधळी म्हटलं?"

ओदेदने हात पुढे केला. मेनाशेने तो घेतला नाही. "तुमचं काम मी करीन. मला दुकान चालवायचंय. पण तिला सांगायला मी जाणार नाही. मला तोंड नाही." त्याने फिमाच्या छातीकडे बोट केलं. "तू जा."

वाटेत ओदेदने गाडी चालवताना तिर्झाला फोन लावला. तिने आधी शिव्या दिल्या, मग म्हणाली, सही झालेली नाही हे नशीब, पानं बदलता येतील. त्याच आठवड्यात ती बदलली. आकृती नवी झाली, नाव तेच एकटं राहिलं, पुढे मेनाशेचा मालही चालला, दिवे लागले. पण गाडीत बसलेल्या फिमाला यातलं पुढचं काही माहीत नव्हतं. एका सिग्नलला ओदेद म्हणाला, "मी आत येऊ का?" फिमा नको म्हणाला.

जॉर्जेटचं घर तळमजल्यावर होतं. दार उघडंच होतं, पडदा सोडलेला. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून रव्याच्या पारीत खिमा भरून गोळे वळत होती. जाड, पांढऱ्या केसांची, नाकावर नवाकोरा चष्मा. त्याच्या दांडीला दुकानाची चिठ्ठी अजून दोऱ्याने लोंबत होती. फिमाने आपण कोण ते सांगितलं. बस म्हणाली, बसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. हिब्रू अडखळत होती, पण त्याने काही गाळलं नाही. उलटा थर सांगितला, वकीलबाई सांगितल्या, तार तपासायला हवी म्हणालो तेही सांगितलं. कुझिनसुद्धा सांगितला. आयुष्यात एवढं सलग तो कुणाशी बोलला नव्हता, रिम्माशीही नाही. सांगता सांगता त्याला हलकं वाटू लागलं, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघू लागला.

ती मान हलवत होती. आजारी माणूस बरा होईल असं सांगणाऱ्या पाहुण्यासमोर हलवावी तशी.

"मेनाशेने पाठवलं ना तुला?" ती म्हणाली.

"हो. म्हणजे, त्याने सांगितलं, पण हे—"

"मनाचा चांगला आहे तो. चिडला की दुसऱ्या दिवशी असंच काहीतरी करतो. मागे एकदा माझा पगार कापला नि मग संत्र्यांची पेटी पाठवली." ती हसली. "पण एवढी लांबलचक गोष्ट! उलटा थर नि सुलटा थर. कुणी रचली रे, तू की तो?"

"जॉर्जेटबाई, मी खरं सांगतोय. तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही भरलेली एकही कॉइल चुकली नव्हती. चूक माझी होती."

"हो रे, हो." तिने पिठाच्या हाताने त्याचं मनगट थोपटलं. "तू भला माणूस दिसतोस. तुला खोटं बोलता येत नाही, लगेच कळतं. तोंड बघ किती लाल झालंय." तिने वाडग्यात दोन गोळे घालून त्यांवर आंबट रस्सा ओतला आणि वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "खा. आणि मेनाशेला सांग, मी रागावलेली नाही. वय झालं की होतंच. मला आधी कळायला हवं होतं."

फिमा खाली मान घालून खाऊ लागला. आणखी काय सांगावं, कुठला पुरावा द्यावा, उद्या कॉइल घेऊन यावं, मेनाशेला हाताला धरून आणावं, सगळ्यांना आणावं, असं त्याच्या मनात येत होतं, आणि त्याला हेही दिसत होतं, की जितके जास्त लोक येतील तितकी तिची खात्री पटत जाईल. समोर जॉर्जेटने पुढची पारी तळव्यावर पसरली, खिमा ठेवला, कडा जुळवल्या. मग ती थांबली. खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर पडलं होतं. तरी तिने उठून डोक्यावरचा दिवा लावला, आणि गोळा चष्म्याच्या काचेला टेकेल इतका जवळ धरून, कुठे फट राहिली आहे का ते पाहू लागली.